चूक मोजण्याचे शास्त्र : वर्गमुळापासून संगणकजाळ्यावरील हल्ल्यांपर्यंत



ज्या शाळेच्या बाकांवर बसून आपण मुळाक्षरे गिरवली, तिच्याच व्यासपीठावर उभे राहून चार शब्द बोलण्याचा प्रसंग यावा, यात आनंद आहे तसा संकोचही आहे. आज ज्यांच्या स्मरणार्थ आपण जमलो आहोत ते आपले गणिताचे सर व्याख्यान या प्रकाराविषयी फारसे अनुकूल नव्हते. ‘बोलू नका, फळ्यावर करून दाखवा,’ हे त्यांचे वाक्य आपल्यापैकी पुष्कळांच्या कानांत अजून असेल. म्हणून आज त्यांच्या गुणवर्णनात वेळ न घालवता त्यांच्याच एका नियमाचा इतिहास सांगण्याचे मी ठरवले आहे.

तो नियम असा. गणिताच्या तासाला खोडरबर वापरायचा नाही. चुकलेल्या पायरीवर एक आडवी रेघ मारायची आणि खाली नवी पायरी लिहायची, पण चुकलेला आकडा रेघेखालून वाचता आला पाहिजे. नववीत असताना एका उदाहरणाचे उत्तर मी अंदाजाने काढले, दोनदा चुकलो आणि तिसऱ्यांदा जमल्यावर आधीचे दोन्ही अंदाज खोडून वही स्वच्छ केली. सरांनी उत्तर पाहिले आणि विचारले, ‘‘बाळ, हे बरोबर आहे. पण इथवर तू आलास कसा? वाट कुठे आहे?’’ मला पूर्ण गुण मिळाले नाहीत. त्या वेळी तो अन्याय वाटला. पुढे आयुष्यभर आकडेमोडीशी आणि संगणकाशी संबंध आला, तेव्हा ध्यानात आले की सरांनी त्या दिवशी एका फार जुन्या शास्त्राचे सूत्र माझ्या हाती ठेवले होते. चूक पुसायची नसते, मोजायची असते. मोजलेली चूकच पुढची वाट दाखवते.

१. मातीच्या पाटीवरचे उत्तर

आपण शाळेत जी समीकरणे प्रथम शिकतो ती एकघाती असतात. त्यांचा आलेख सरळ रेषेचा असतो. एक किलोला इतके रुपये, तर पाच किलोला किती, हा त्यांचा स्वभाव. परंतु निसर्ग सरळ रेषेत चालतोच असे नाही. चौरसाचा कर्ण, ग्रहाची गती, तुळईचा बाक, रोगाचा फैलाव यांची समीकरणे बहुधा अरेषीय असतात. अज्ञात राशीचा वर्ग, घन, ज्या किंवा घातांक त्यांत गुंतलेला असतो. अशा समीकरणांपैकी फार थोड्यांना नेमके सूत्र लागू पडते. आबेल या नॉर्वेच्या तरुण गणितज्ञाने १८२४ साली सिद्ध केले की पाचव्या घाताच्या सर्वसाधारण समीकरणाला मुळांच्या चिन्हांत बसणारे सूत्र असूच शकत नाही. अर्थात सूत्राच्या दारी धरणे धरून बसण्यात अर्थ नव्हता. माणसाने त्याच्या कितीतरी आधीच दुसरी वाट शोधली होती.

अमेरिकेतील येल विद्यापीठाच्या संग्रहात तळहाताएवढी एक मातीची पाटी आहे. ती बाबिलोनमधील असून तिचे वय साडेतीन हजार वर्षांहून अधिक आहे. तिच्यावर एक चौरस, त्याचे कर्ण आणि काही अंक कोरलेले आहेत. साठ या पायाच्या अंकपद्धतीतील ते अंक दशमानात आणले तर १.४१४२१२९६ ही संख्या मिळते. दोनचे खरे वर्गमूळ १.४१४२१३५६ पासून सुरू होते. म्हणजे चूक दहा लाखांत एकाहूनही कमी. ही संख्या कशी काढली हे पाटीवर नाही. वाट पुसली गेली आहे, उत्तर तेवढे उरले आहे. सर असते तर त्यांनी या लेखनिकाचेही गुण कापले असते.

आपल्याकडील बौधायन शुल्बसूत्रात यज्ञवेदीच्या मापासाठी हीच राशी दिली आहे : एकात त्याचा तिसरा भाग मिळवावा, त्या तिसऱ्या भागाचा चौथा भाग मिळवावा, आणि या चौथ्या भागाचा चौतिसावा भाग वजा करावा. हिशेब केला की ५७७ भागिले ४०८ हा अपूर्णांक येतो. या राशीला तेथे ‘सविशेष’ म्हटले आहे. काही विशेष, म्हणजे काही अंतर शिल्लक आहे, असा त्या शब्दाचा अर्थ अनेक अभ्यासक लावतात. तो मान्य केला, तर उत्तरासोबत उत्तराची उणीवही नोंदवणारा हा शब्द आपल्या परंपरेतील एक मोठे रत्न मानावे लागेल.

पद्धत स्पष्ट शब्दांत लिहून ठेवली ती अलेक्झांड्रियाच्या हेरॉनने, इसवी सनाच्या पहिल्या शतकात. त्याने ७२० चे वर्गमूळ घेतले आहे. जवळचा पूर्ण वर्ग ७२९, त्याचे मूळ २७. आता ७२० ला २७ ने भागले की २६ आणि दोन तृतीयांश येतात. एक अंदाज जास्त, दुसरा कमी. दोहोंची सरासरी घेतली की २६ आणि पाच षष्ठांश. त्याचा वर्ग केला की ७२० आणि वर केवळ एक छत्तिसांश. हेरॉन पुढे सांगतो की याहून सूक्ष्म उत्तर हवे असेल, तर २७ च्या जागी हे नवे उत्तर घेऊन तीच क्रिया पुन्हा करावी. या एका सूचनेत पुढील दोन हजार वर्षांचे गणित सामावलेले आहे. हीच क्रिया २ या संख्येवर १ पासून सुरू केली तर अनुक्रमे ३/२, १७/१२ आणि ५७७/४०८ हे अपूर्णांक मिळतात. तिसऱ्या फेरीला आपण थेट बौधायनांच्या वेदीजवळ येऊन पोहोचतो. बौधायनांनी हाच मार्ग घेतला असे यावरून सिद्ध होत नाही, पण दोन्ही वाटा एकाच मुक्कामाला येतात हे मात्र खरे.

१८८१ साली पेशावरजवळ भूर्जपत्रांवरील एक हस्तलिखित सापडले. बख्शाली हस्तलिखित म्हणून ते ओळखले जाते आणि आज ते ऑक्सफर्ड येथे आहे. त्यातील वर्गमुळाचा नियम म्हणजे हेरॉनच्या क्रियेच्या दोन फेऱ्या एकत्र बांधलेल्या आहेत. त्या नियमाने ४१ चे वर्गमूळ ६.४०३१३८ येते, खरे मूल्य ६.४०३१२४ आहे.

२. असकृत्कर्म

आपण इंदूरकर उज्जयिनीपासून जेमतेम पंचावन्न किलोमीटरांवर राहतो. प्राचीन सिद्धांतग्रंथांनी जिच्यावरून मध्यरेखा कल्पिली ती ही नगरी. सवाई जयसिंहाने अठराव्या शतकात उभारलेली वेधशाळा तेथे आजही आहे आणि आपल्या शाळेची सहल तेथे गेल्याचे अनेकांना स्मरत असेल. या ज्योतिषपरंपरेत अरेषीय समीकरणांचा प्रश्न रोजच्या पंचांगातच उभा राहत असे.

सूर्यग्रहणाचे उदाहरण घ्या. ग्रहणाचा मध्य नेमका केव्हा दिसेल हे काढायचे तर लंबन, म्हणजे पृथ्वीच्या पृष्ठभागावरून पाहिल्यामुळे पडणारा फरक, ठाऊक हवा. पण लंबन हे वेळेवर अवलंबून आणि वेळ लंबनावर. एकाशिवाय दुसरे कळत नाही. आपल्या ज्योतिर्विदांनी हा पेच असा सोडवला : आधी अमान्त काळच ग्रहणमध्य समजावा, त्यावरून लंबन काढावे, त्या लंबनाने वेळ सुधारावी, सुधारलेल्या वेळेवरून पुन्हा लंबन काढावे, आणि दोन फेऱ्यांच्या उत्तरांत फरक उरेनासा होईपर्यंत हे चालू ठेवावे. या क्रियेला ग्रंथांत ‘असकृत्’ असे नाव आहे. सकृत् म्हणजे एकदा, असकृत् म्हणजे वारंवार. आणि थांबण्याची खूण ‘अविशेष’, म्हणजे अंतर न उरणे. आज संगणकशास्त्राचा विद्यार्थी ज्याला पुनरावृत्ती आणि अभिसरण म्हणतो, त्यासाठी पूर्वसूरींनी घडवलेले हे दोन शब्द किती नेमके आहेत!

या क्रियेचे मर्म केरळातील परमेश्वर या ज्योतिर्विदाने पंधराव्या शतकात आणखी खोलात जाऊन पाहिले. त्याच्या एका टीकाग्रंथात दोन अंदाज आणि त्यांच्या दोन चुका यांच्या प्रमाणावरून तिसरा अंदाज बांधण्याची रीत येते. तिला आज छेदिका पद्धत म्हणतात. त्याच सुमारास समरकंद येथे अल-काशी एका अंशाची ज्या काढत होता. तीन अंशांची ज्या ठाऊक असली, तरी तिच्यावरून एका अंशाची ज्या काढायला घन समीकरण सोडवावे लागते. अल-काशीने ते फेऱ्याफेऱ्यांनी सोडवले.

येथे आपल्याला जवळचे वाटावे असे एक नाव घेतले पाहिजे. कमलाकर हा काशीचा ज्योतिषी. त्याचे मूळ घराणे गोदावरीकाठच्या गोलग्रामचे, म्हणजे मराठी मुलखातले, आणि पुढे ते काशीला स्थायिक झाले. १६५८ साली त्याने लिहिलेल्या ‘सिद्धांततत्त्वविवेक’ या ग्रंथात कोनाच्या तिसऱ्या आणि पाचव्या भागाची ज्या काढण्याच्या अशाच आवर्ती रीती आहेत. आपला गाव सोडून दूर नांदलेल्या मराठी घराण्यांनी बरोबर केवळ गणपतीची मूर्ती आणि पुरणाचे यंत्र नेले नाही. त्यांनी गणितही नेले. या परंपरेचा साक्षेपी आढावा शंकर बाळकृष्ण दीक्षित यांनी १८९६ साली ‘भारतीय ज्योतिःशास्त्र’ या ग्रंथात घेतला, आणि तो मराठीत घेतला. सरांच्या टेबलावर तो ग्रंथ कायम असे, हे येथे कृतज्ञतेने नमूद करतो.

३. केप्लरचे कोडे, न्यूटनची युक्ती

युरोपात याच स्वरूपाचा प्रश्न केप्लरपुढे उभा राहिला. १६०९ साली त्याने ग्रहांच्या कक्षा लंबवर्तुळाकार असल्याचे प्रसिद्ध केले. परंतु अमुक दिवशी ग्रह कक्षेवर नेमका कोठे असेल हे काढताना त्याला असे समीकरण मिळाले, ज्यात अज्ञात कोन स्वतः आहे आणि त्याची ज्याही आहे. असे समीकरण थेट सोडवता येणार नाही, असे आपले मत त्याने लिहून ठेवले आणि भूमितिज्ञांना आवाहन केले. दरम्यान त्याने स्वतः अंदाज व दुरुस्ती हाच मार्ग धरला.

मंगळासाठी करून पाहू. त्याच्या कक्षेची विकेंद्रता सुमारे ०.०९३४. सरासरी गतीने येणारा कोन ६० अंश आहे असे समजा. पहिला अंदाजही ६० च. एक फेरी केली की ६४.६३४ अंश, दुसरी केली की ६४.८३५, तिसरीला ६४.८४३५, चौथीला ६४.८४३८. पुढे आकडा हलत नाही. अविशेष झाला. चार फेऱ्यांत ग्रह सापडला.

न्यूटनची कामगिरी ही की त्याने या फेऱ्यांना वेग दिला. १६६९ सालच्या एका हस्तलिखितात त्याने पुढील समीकरण घेतले आहे : क्षचा घन उणे २क्ष उणे ५ बरोबर शून्य. क्ष बरोबर २ घेतला तर उत्तर शून्याऐवजी उणे १ येते. खरे मूळ २ पेक्षा किंचित मोठे. त्या किंचित भागाला नाव देऊन न्यूटनने नवे समीकरण मांडले आणि त्यातील वर्ग व घन अतिसूक्ष्म म्हणून सोडून दिले. उरले साधे एकघाती समीकरण. त्यातून ०.१ ही दुरुस्ती निघाली. मग तीच रीत पुन्हा : उणे ०.००५४, आणि पुन्हा : उणे ०.००००४८५३. बेरीज २.०९४५५१४७. खरे मूळ २.०९४५५१४८. तीन दुरुस्त्यांत आठव्या दशांशस्थळी केवळ एकाचा फरक.

यामागील कल्पना अशी. वाकडी रेषा आपल्याला सोडवता येत नाही, पण तिच्या लहानशा तुकड्याला सरळ रेषा मानता येते. ती सरळ रेषा, म्हणजे स्पर्शिका, जिथे शून्याला छेदते तिथे पुढचा अंदाज घ्यायचा. मुळाच्या जवळ आलो की दर फेरीस बरोबर अंकांची संख्या साधारणपणे दुप्पट होते. जोसेफ रॅफ्सनने १६९० मध्ये ही रीत सुटसुटीत केली, दर वेळी नवे समीकरण मांडण्याची गरज संपवली. थॉमस सिम्प्सनने १७४० मध्ये तिला चलनकलनाची भाषा दिली आणि दोन अज्ञात असलेल्या समीकरणांनाही ती लावली. आज तिला न्यूटन-रॅफ्सन पद्धत म्हणतात. सिम्प्सनचे नाव या जोडनावात आले नाही. शास्त्राच्या इतिहासातही हिशेबाच्या अशा चुका राहून जातात.

४. पद्धत फसते तेव्हा

सर एक उदाहरण मुद्दाम देत आणि मागच्या बाकावर जाऊन उभे राहत. क्षचा घन उणे २क्ष अधिक २ बरोबर शून्य. सुरुवात शून्यापासून करा. न्यूटनची रीत लावली की पुढचा अंदाज १ येतो. एकाला लावली की पुन्हा शून्य. मग पुन्हा एक. वर्ग पानेच्या पाने भरत असे. कोणीतरी शेवटी म्हणे, ‘‘सर, हे संपत नाही.’’ मग सर म्हणत, ‘‘नाहीच संपणार. सुरुवात बदला.’’ चांगली रीतसुद्धा वाईट आरंभामुळे चक्रात सापडते, हा धडा गणितापुरता नव्हता.

हा प्रश्न खरोखरच खोल आहे. १८७९ साली आर्थर केलीने विचारले : प्रतलावरील कोणत्या बिंदूपासून निघालो तर कोणत्या मुळाशी पोहोचू? द्विघाती समीकरणासाठी त्याला उत्तर मिळाले. घन समीकरणाशी मात्र तो अडला. कारण तेथे मुळांच्या प्रदेशांच्या सीमा विलक्षण गुंतागुंतीच्या असतात. केसाएवढा आरंभ बदलला तरी मुक्काम बदलतो. संगणक आल्यावर त्या सीमांची चित्रे काढता आली, तेव्हा केली का अडला हे जगाला दिसले.

विसाव्या शतकात अज्ञात राशी दोनतीन न राहता शेकड्यांनी आणि हजारांनी वाढल्या. सोव्हिएत गणितज्ञ कांतोरोविच यांनी १९४८ मध्ये न्यूटनची पद्धत केव्हा निश्चित यशस्वी होईल याच्या अटी अतिव्यापक स्वरूपात सिद्ध केल्या. १८४७ साली कोशीने खगोलीय गणितासाठी सुचवलेली दुसरी वाट, उतार पाहून पावलापावलाने खाली उतरण्याची, पुन्हा उजेडात आली. १९५९ साली अमेरिकेतील आरगॉन प्रयोगशाळेत विल्यम डेव्हिडन या पदार्थवैज्ञानिकाचा संगणक वारंवार बंद पडे आणि लांबलचक हिशेब अर्ध्यावर राहत. त्याने वैतागून अशी रीत काढली की ती आधीच्या पावलांच्या नोंदीवरून वक्रतेचा अंदाज बांधते आणि थोडक्या फेऱ्यांत काम उरकते. त्याचा लेख त्या वेळी स्वीकारला गेला नाही. तो नियतकालिकात छापला गेला १९९१ साली, बत्तीस वर्षांनी. तोवर त्यावर आधारलेल्या पद्धती जगभर वापरात होत्या.

५. पंचाहत्तर सेंटांची तफावत

आता आपण अगदी निराळ्या वाटणाऱ्या विषयाकडे वळू. १९८६ च्या ऑगस्टात कॅलिफोर्नियातील लॉरेन्स बर्कले प्रयोगशाळेत क्लिफर्ड स्टोल नावाचा एक खगोलशास्त्रज्ञ संगणकांची व्यवस्था पाहू लागला होता. संगणकवापराचे शुल्क मोजणाऱ्या दोन हिशेबांत पंचाहत्तर सेंटांचा फरक येत होता. एवढ्याशा रकमेकडे कोणीही दुर्लक्ष केले असते. स्टोलने केले नाही. ग्रहाची जागा आणि गणिताची जागा यांत अल्पसा फरक पडला तरी त्याचे कारण शोधायचे, हा त्याच्या मूळ शास्त्राचा संस्कार होता. शोधता शोधता आढळले की काही सेकंदांचा संगणकवेळ एका परक्या व्यक्तीने वापरला होता. ती व्यक्ती तेथून लष्करी संगणकांत शिरत होती. सुमारे वर्षभराच्या पाठलागानंतर माग पश्चिम जर्मनीतील हॅनोव्हरपर्यंत पोहोचला. चोरलेली माहिती सोव्हिएत गुप्तहेर संघटनेला विकली जात होती.

यातील एक तपशील मला विशेष वाटतो. स्टोलने बाहेरून येणाऱ्या तारांना छपाईयंत्रे जोडली आणि घुसखोराची प्रत्येक आज्ञा कागदावर उतरवली. संगणकातील नोंदी घुसखोर पुसू शकत होता. कागद पुसू शकत नव्हता. गुन्हेगार खोडरबर वापरतो. शोधणाऱ्याने रेघेखालचा आकडा जपून ठेवावा लागतो.

याच काळात या विषयाला शास्त्राचे रूप येत होते. जेम्स अँडरसन यांनी १९८० मधील अहवालात संगणकाच्या नोंदी तपासून गैरवापर ओळखावा असे सुचवले. डोरोथी डेनिंग यांनी १९८७ मध्ये त्याचा गणिती आराखडा मांडला. प्रत्येक वापरकर्त्याच्या नेहमीच्या वर्तनाचे संख्याशास्त्रीय चित्र तयार करावे आणि त्यापासून होणारे विचलन मोजावे, हा तो आराखडा. २ नोव्हेंबर १९८८ रोजी मॉरिस नावाच्या विद्यार्थ्याने सोडलेल्या कार्यक्रमाने स्वतःच्या प्रती काढत तेव्हाच्या इंटरनेटवरील, त्या वेळच्या अंदाजाप्रमाणे, सुमारे सहा हजार संगणक ठप्प केले. तेव्हापासून हा विषय मूठभर तज्ज्ञांचा राहिला नाही.

६. हल्ला कसा ओळखतात

२००६ पासून क्लाउड सेवांचा प्रसार झाला. आपला संगणक आपल्या खोलीत नसून दूरच्या एखाद्या केंद्रात असतो, भाड्याने घेतलेला, आणि एकाच यंत्रावर अनेक भाडेकरू नांदतात. चाळीतल्यासारखेच. एका बिऱ्हाडी गडबड झाली की शेजाऱ्यांनाही त्रास. हल्लाही तसाच वाटून येतो. २१ ऑक्टोबर २०१६ रोजी ‘मिराई’ या दुष्ट कार्यक्रमाने घरोघरचे कॅमेरे आणि तत्सम उपकरणे ताब्यात घेऊन त्यांच्याकरवी ‘डिन’ या कंपनीच्या नावनोंदणी सेवेवर मागण्यांचा पूर सोडला आणि अमेरिकेतील अनेक मोठी संकेतस्थळे काही तास बंद पडली. २०२३ साली गूगलने सेकंदाला ३९.८ कोटी मागण्यांपर्यंत पोहोचलेल्या हल्ल्याची नोंद प्रसिद्ध केली. इतक्या गर्दीत कोण ग्राहक आणि कोण दरोडेखोर, हे माणूस डोळ्यांनी पाहून ठरवू शकत नाही.

मग गणित ते कसे ठरवते? सर्वांत सोपी रीत घ्या. जाळ्यावरील प्रत्येक संभाषण एका हाकेने सुरू होते आणि एका निरोपाने संपते. नेहमीच्या दिवशी हाका आणि निरोप यांची संख्या साधारण सारखी असते. पुराच्या हल्ल्यात हाका येतात, निरोप येतच नाहीत. या फरकाची सतत बेरीज करीत राहावे. किरकोळ चढउतार एकमेकांना खाऊन टाकतात, पण टिकाऊ तफावत साचत जाते आणि ठरलेली मर्यादा ओलांडली की घंटा वाजते. ई. एस. पेज यांनी १९५४ मध्ये वस्तूंच्या गुणवत्तेच्या तपासणीसाठी सुचवलेली ही रीत २००२ च्या सुमारास अशा हल्ल्यांवर यशस्वीपणे लावण्यात आली. अनेक मोजमापे एकदम पाहायची असतील तर प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी १९३६ साली दिलेले अंतराचे माप उपयोगी पडते. एखादी नोंद नेहमीच्या नोंदींच्या पुंजक्यापासून किती दूर आहे, हे ते त्या मापांचे परस्परसंबंध लक्षात घेऊन सांगते.

आणि येथेच दोन्ही वाटा एकत्र येतात. एखादी जोडणी हल्ल्याची असण्याची शक्यता किती, हे सांगणारे एक प्रचलित सूत्र आहे. प्रत्येक मोजमापाला एक वजन द्यायचे, वजनांची बेरीज एका घातांकी वक्रातून न्यायची, की शून्य ते एकच्या दरम्यान शक्यता मिळते. परंतु वजने किती? ती जुन्या नोंदींवरून ठरतात, आणि ती ठरवणारी समीकरणे अरेषीय असतात. त्यांना सूत्र नाही. तेव्हा वजनांचा अंदाज घ्यायचा, जुन्या नोंदींवर उत्तर तपासायचे, चूक मोजायची आणि न्यूटनच्या रीतीने दुरुस्ती करायची. फरक उरेनासा होईपर्यंत पुन्हा पुन्हा. बहुस्तरीय मज्जाजालासाठी कोशीची उतरणीची वाट घ्यायची. १९८६ साली रुमेलहार्ट, हिंटन आणि विल्यम्स यांनी लोकप्रिय केलेली शिकवण्याची रीत म्हणजे शेवटच्या उत्तरातील चूक थराथरांतून मागे नेऊन प्रत्येक वजनाच्या पदरी तिचा वाटा घालणे होय. ग्रहणाच्या मध्यासाठी केलेले असकृत्कर्मच आज विदाकेंद्रांच्या दारावर पहारा करते, असे म्हटले तर फारशी अतिशयोक्ती होणार नाही.

७. खोट्या घंटा

तथापि या पहाऱ्याविषयी भाबडेपणा नको. एक हिशेब आपण सारेच तोंडी करू शकतो. समजा दिवसाला दहा लाख जोडण्या होतात आणि त्यांत शंभर हल्ल्याच्या आहेत. यंत्र शंभरांतले नव्व्याण्णव हल्ले पकडते आणि निर्दोष जोडण्यांपैकी केवळ शंभरात एकीवर चुकीचा संशय घेते. ऐकायला उत्तम. पण निर्दोष जोडण्या आहेत नऊ लाख नव्व्याण्णव हजार नऊशे. त्यांतील एक टक्का म्हणजे ९,९९९. खऱ्या घंटा ९९, खोट्या जवळजवळ दहा हजार. शंभर घंटांतली एकच खरी. असा पहारेकरी चार दिवसांत कानांत कापूस घालून झोपतो. स्टेफान ॲक्सेलसन यांनी हा मुद्दा १९९९ मध्ये मांडला आणि तो आजही तितकाच लागू आहे. यंत्राची बुद्धी वाढवून भागत नाही, खोट्या घंटांचे प्रमाण अतिशय खाली आणावे लागते.

दुसरा दोष आरशाचा. १९९९ साली एका स्पर्धेसाठी प्रसिद्ध झालेल्या नोंदसंग्रहावर पुढील दशकभर असंख्य संशोधकांनी आपापल्या रीती पारखल्या आणि डोळे दिपवणारे निकाल छापले. २००९ मध्ये तपासणी झाली, तेव्हा आढळले की शिकवणीसाठी ठेवलेल्या नोंदींपैकी सुमारे ७८ टक्के आणि परीक्षेसाठी ठेवलेल्यांपैकी ७५ टक्के नोंदी पुनरुक्त होत्या. म्हणजे विद्यार्थ्याने तेच तेच प्रश्न पाठ केले आणि परीक्षेत त्याच प्रकारच्या प्रश्नांवर गुण मिळवले. पाठांतराला आकलन समजण्याची चूक शाळांतच होते असे नाही.

या साऱ्याची किंमत दूरची नाही. २३ नोव्हेंबर २०२२ रोजी दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेच्या संगणकांवर खंडणीखोर हल्ला झाला आणि कित्येक दिवस रुग्णांच्या नोंदी हाताने कागदावर कराव्या लागल्या. रांगेत उभे असणाऱ्या माणसाला समीकरण अरेषीय आहे की एकघाती, याच्याशी कर्तव्य नसते. आपली चिठ्ठी हरवू नये एवढेच त्याचे मागणे असते. ते पुरे करण्याची जबाबदारी ज्यांच्यावर आहे, त्यांच्यापैकी काही आज या सभागृहात बसलेले आपलेच माजी विद्यार्थी आहेत, हे मला ठाऊक आहे.

समारोप

मित्रहो, मातीच्या पाटीपासून क्लाउडपर्यंतचा हा प्रवास मी एका धाग्याने बांधण्याचा प्रयत्न केला. हेरॉन, परमेश्वर, केप्लर, न्यूटन, स्टोल यांच्यांत काळाचे, भाषेचे आणि धर्माचे अंतर आहे. परंतु एक वृत्ती समान आहे. पहिल्याच प्रयत्नात अचूक उत्तर मिळावे असा हट्ट त्यांनी धरला नाही, आणि चुकीचे उत्तर मिळाले म्हणून लाजून पाटीही पुसली नाही. चूक किती आणि कोणत्या दिशेला, एवढे त्यांनी प्रामाणिकपणे विचारले.

आज मुलांच्या हाती असे यंत्र आहे की ते क्षणात शेवटचे उत्तर देते आणि मधल्या फेऱ्या दाखवत नाही. त्याबद्दल मी तक्रार करीत नाही, त्याच यंत्रांवर माझे आयुष्य गेले. चिंता एवढीच आहे की ज्याने फेरी कधी पाहिलीच नाही, त्याला यंत्र शून्य आणि एकच्या चक्रात अडकले आहे हे कळणार कसे? पंचाहत्तर सेंटांची तफावत त्याला खुपणार कशी? म्हणून शिक्षकवर्गाला माझी नम्र विनंती आहे की वर्षातून निदान चार उदाहरणे तरी मुलांकडून अंदाज आणि दुरुस्ती या मार्गाने, हाताने करून घ्यावीत, आणि त्या दिवशी वर्गात खोडरबर आणू देऊ नये.

माझी नववीची वही अजून माझ्याजवळ आहे. त्या पानावर खोडलेल्या जागी कागद पातळ झाला आहे. उजेडासमोर धरला तर जुन्या अंदाजांची पुसट खूण दिसते, आकडा वाचता येत नाही. समासात सरांच्या लाल अक्षरातला प्रश्न मात्र स्पष्ट आहे : ‘वाट कुठे आहे?’

त्या प्रश्नाचे उत्तर देण्याचा हा अल्पसा प्रयत्न त्यांच्या स्मृतीस अर्पण करून मी आपली रजा घेतो.